मेणबत्ती गाडीने गेली

गुरुवारी सकाळी मी प्लमच्या बिया काढत बसले होते. अर्धं घमेलं झालं होतं, अर्धं व्हायचं होतं, बोटं जांभळी झाली होती, तेवढ्यात खिडकीखाली सायकलची घंटी वाजायला लागली. एकदा वाजवून थांबेल तर तो माणूस कसला! अख्ख्या ग्राइन गावाला कळेपर्यंत वाजवत राहिला.

एंगेलबर्ट भाऊजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, वाल्बुर्गाताईचे यजमान.

मी तशाच हातांनी खिडकीतून वाकून पाहिलं. अंगाला चिकटलेला पिवळाधमक सदरा, मांड्या आवळणारी काळी विजार आणि तिच्या बुडाला आतून शिवलेली उशी. नगरपालिकेच्या खुर्चीत जन्मभर बसून कमावलेलं पोट त्या सदऱ्यात असं कोंबलं होतं, की शिवणीची दया यावी.

"सेन्झी, आवर की गं! आम्हा प्रवाशांना ऊन चढायच्या आत अंतर कापायचं असतं!"

प्रवासी म्हणे. आले होते पासाऊहून, डॅन्यूबच्या कडेकडेने, नदी वाहते त्या दिशेने, जिथे चढ औषधाला नाही. आणि आदल्या रात्री या प्रवाशांनी मुक्काम कुठे केला? आमच्याच गावात, स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, 'सोनेरी होडी' हॉटेलात. घरी बायको दुखरा खुबा धरून एकटी. का, तर सहलीच्या कंपनीकडे व्हिएन्नापर्यंतच्या मुक्कामाचे पैसे आधीच भरले होते आणि सकाळची न्याहारी त्यातच होती. ताईने त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, हॉटेलच्या गच्चीवर बिअर पिताना. तिने हात हलवला. यांनीही हलवला, एखाद्या ओळखीच्या बाईला हलवावा तसा.

मी त्यांच्याबरोबर का निघाले, ते सांगायला हवं.

ताईचा खुबा दोन वर्षं सडतोय. हल्ली चर्चच्या तीन पायऱ्या चढताना तिचा चेहरा पांढरा पडतो. लिंझच्या इस्पितळाने अखेर ऑपरेशनची तारीख दिली, येत्या सोमवारची. ही तारीख चुकली की पुढची कधी मिळेल ते तिथल्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही, आणि तोवर ताई अंथरुणाला खिळणार हे कुणीही सांगू शकतं. पण ताईने नवस बोलला होता. ऑपरेशनच्या आधी आमच्या चर्चच्या दारातून मारिया टाफेर्ल या तीर्थक्षेत्राच्या देवमातेपर्यंत मेणबत्ती पोचवायची, माणसाच्या पायांच्या बळावर आणि माणसाच्या अंगावर. आमच्याकडे ज्याला चालवत नाही त्याचा नवस दुसऱ्याने फेडलेला चालतो. सायकलीनेही चालतो, तिलाही पायच लागतात. पण वस्तू अंगावरच हवी. गाडीत टाकली की नवस गेला.

"मेणबत्ती पोचली नाही तर मी त्या टेबलावर आडवी होणार नाही," ताईने मला स्वच्छ सांगितलं.

फादरांनी समजावून पाहिलं. "वाल्बुर्गाबाई, देव अशा अटी घालत नाही हो."

"देवाने नाही घातली फादर, मी घातली. माझी मी पाळायला नको?"

 तिच्या धाकट्या मुलीला, गेर्लिंडाला, लहानपणी तापाने घेरलं होतं, तेव्हा ताई ही सगळी वाट पायी गेली होती, हातात मेणबत्ती घेऊन. पोर वाचली. आता अशा बाईशी वाद घालून उपयोग नसतो.

मीच नेली असती मेणबत्ती. पण ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाला चर्चच्या दालनात कॉफी आणि केक चालू असताना भाऊजी उभे राहिले, चमच्याने कप वाजवला आणि म्हणाले, "माझ्या वाल्बुर्गाची मेणबत्ती मी नेणार! आणि ग्राइनहून कशाला? पासाऊहून नेणार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भर सभेत नवऱ्याने उचललेला विडा काढून कसा घेणार? ताईने टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर भांडी पुसताना ती मला म्हणाली, "पासाऊहून येऊ दे नाहीतर पॅरिसहून. नवस आपल्या चर्चच्या दारापासूनचा आहे. तेवढ्या एका दिवशी तू जा बरोबर."

नवऱ्याबरोबर राखण म्हणून बहिणीला पाठवायची वेळ एखाद्या बाईवर का येते, हे ज्यांनी भाऊजींना छत्र धरताना पाहिलंय त्यांना विचारावं. ख्रिस्तदेहाच्या मिरवणुकीत फादरांच्या डोक्यावरचं भरजरी छत्र चार पुरुष चार दांड्यांनी धरतात. भाऊजींचा दांडा वर्षानुवर्षं पुढचा उजवा, कारण फोटो तिकडून काढतात. ते दांडा धरत नाहीत. त्याच्यावर हात ठेवतात. सगळं छत्र त्यांच्या कोपऱ्याला लवतं, बाकीचे तिघे घामाघूम होतात, आणि हे मान वर करून असे चालतात की फादर यांच्या मिरवणुकीत आलेत असं वाटावं.

पूर आला तेव्हाही तेच. सगळा गाव नदीकाठी वाळूची पोती रचत होता, आमचे हे कमरेएवढ्या पाण्यात उभे, आणि भाऊजी वरच्या मजल्याच्या खिडकीत. खालून कुणी हाक मारली तर वरून उत्तर, "पाण्यावर लक्ष ठेवायला कुणी नको का?" पाणी वाढत होतं ते खालच्यांना दिसत नव्हतं थोडंच! ते त्यांच्या नाकाला लागत होतं. पूर ओसरल्यावर नगरपालिकेने आभाराचे कागद वाटले. भाऊजींनी आपला चौकट करून दिवाणखान्यात लावला. आमच्या ह्यांच्या कागदावर मी कपाटाच्या कप्प्यात बटाटे ठेवते.

तर असे हे गृहस्थ. मी प्लमवर ओला पंचा टाकला, हात धुतले, जपमाळ खिशात घातली, टोपलीत ब्रेड, उकडलेली अंडी आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा ठेवला आणि माझी जुनी सायकल काढली.

चर्चच्या दारात आम्ही दोघांनी क्रूसाची खूण केली. त्यांनी हातमोजे घालूनच.

"भाऊजी, मेणबत्ती घेतलीत ना?"

"सेन्झी," ते डोळे मिटून म्हणाले, "सगळी व्यवस्था चोख आहे. तू फक्त पायडल मार." आणि कमरेला बांधलेल्या छोट्या पिशवीवर त्यांनी थाप मारली. मेणबत्ती त्यातच असणार, असं मी धरून चालले.

पलीकडच्या काठाचा रस्ता शांत, म्हणून नावेने पलीकडे गेलो. नाववाला कोर्बिनियान, शाळेत भाऊजींच्या मागच्या बाकावर बसायचा.

"काय एंगेलबर्ट, कुठून स्वारी?"

"पासाऊहून," भाऊजी नदीकडे बघत म्हणाले, जशी ती त्यांनीच वाहती ठेवली होती. "दिवसच्या दिवस सायकलवर. शरीर पोलाद होतं रे."

"मग काल रात्री पोलाद कुठे ठेवलं होतं?"

"हॉटेलात."

"कुठल्या गावच्या?"

भाऊजी खोकले. मी म्हटलं, "इथल्याच, कोर्बिनियान. 'सोनेरी होडी'त."

कोर्बिनियान इतका हसला की नाव जरा वाकडी गेली. "अरे, माझ्या घरी यायचं होतंस! मीही तुला तुझ्या बायकोपासून लांब झोपवला असता, तेही फुकट!"

"आरक्षण होतं," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला प्रवासाची शिस्त कळायची नाही."

पलीकडचा रस्ता झाडीतून, नदीला चिकटून जातो. सप्टेंबरचं ऊन, पाणी संथ, मालवाहू जहाजं घरघरत वर चाललेली. मी मनात जप करत चालले होते. अर्थात भाऊजी करू देतील तर. त्यांना सत्तावीस गिअर होते आणि रस्ता सपाट होता, तरी ते प्रत्येक गिअर बदलताना मला त्याचा आकडा सांगत होते. दर बाकड्याशी थांबायचं. थांबण्यालाही कारण तयार. कधी साखळी तपासायची, कधी स्नायू सैल करायचे, आणि एकदा तर चक्क "नदी अनुभवायची". नदीकाठी जन्मलेला माणूस! छोट्या पिशवीतून केळं निघालं, चष्मा निघाला, उन्हाचं मलम, साखळीचं तेल आणि नकाशाही निघाला. नकाशा कशाला? डाव्या हाताला नदी आहे, हरवायचं म्हटलं तर पाण्यातच पडावं लागेल.

मागून दोन म्हातारी जोडपी आली, मोटर लावलेल्या सायकलींवर, गप्पा मारत. "नमस्कार!" म्हणाली आणि भुर्रकन पुढे गेली.

भाऊजी थांबलेच. "पाहिलंस? मोटर! हे काय सायकल चालवणं झालं? ओझं यंत्राने वाहायचं आणि प्रवासाला आलो म्हणून मिरवायचं! लाज वाटायला पाहिजे."

"म्हातारी आहेत हो."

"म्हणून काय झालं? माणसाने स्वतःचा भार स्वतः वाहावा."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. तेव्हा कशासाठी ते मला माहीत नव्हतं.

फ्रायनस्टाइनच्या पुढे एका खाणावळीच्या अंगणात त्यांनी लिंबूपाणी घातलेली मोठी बिअर मागवली, वर चीज आणि कांद्याची चटणी लावलेला ब्रेड. मी माझं अंडं सोललं. वाढणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, सामान कुठाय तुमचं? इथून जाणाऱ्यांच्या सायकली दोन्ही बाजूंनी लादलेल्या असतात."

"सामान गाडीने पुढे जातं, बाळ. रोज सकाळी हॉटेलच्या दारातून उचलतात आणि संध्याकाळच्या हॉटेलात ठेवतात. आज मेल्कला." मग माझ्याकडे वळून, "याला म्हणतात नियोजन."

मला तेव्हाही शंका आली नाही. कुणी झालं तरी मोज्यांबरोबर नवसाची मेणबत्ती भरेल, हे माझ्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

पेर्सेनबॉइगला धरणावरून पुन्हा अलीकडच्या काठाला आलो. पुढे नदी मोठं वळण घेते आणि मोकळ्या शेतांवरून वारा समोरून येतो. तिथे भाऊजी गप्प झाले. मला फार बरं वाटलं. थोड्या वेळाने म्हणाले, "सेन्झी, तू पुढे हो." माझ्या पाठीआड वारा चुकवत ते मार्बाखपर्यंत आले. माझ्या साडेतीन गिअरच्या सायकलीआड. अर्धा गिअर म्हणजे जो कधी लागतो, कधी नाही.

मार्बाखला नदीकाठ सोडावा लागतो. वर टेकडीच्या माथ्यावर मारिया टाफेर्लच्या चर्चचे दोन मनोरे दिसतात आणि रस्ता सरळ छातीवर येतो. ताई गेर्लिंडाच्या वेळी इथून मेणबत्ती हातात घेऊन चढली होती. चढाची हीच रीत आहे, खाली काढायची आणि हातात धरून वर न्यायची. मी सायकल भिंतीला लावली आणि म्हटलं, "काढा."

"काय?"

"मेणबत्ती काढा भाऊजी. हातात घ्या."

त्यांनी पिशवीची चेन उघडली. केळ्याचं साल बाहेर आलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती मोठ्या बॅगेत आहे."

"कुठल्या मोठ्या बॅगेत?"

"अगं, बॅगेत. मेल्कला."

मी स्वतः पिशवीत हात घालून चाचपलं. त्यांना वाटलं, मला काळजी हरवण्याची आहे. लगेच फोन काढून त्यांनी हॉटेलात विचारलं आणि हसऱ्या तोंडाने म्हणाले, "पोचली! आपण धरणावर यायच्या आधीच पोचली!"

"भाऊजी, ती पासाऊपासून गाडीतूनच आली?"

"मग? नकाशा, तेल, मलम असताना ती माझ्या पिशवीत मावते का? आणि मऊ कपड्यांत गुंडाळून ठेवलीय, मी काही निष्काळजी नाही."

"पण नवस काय होता? अंगावर न्यायची होती! तेवढंच तर होतं!"

"सेन्झी, पाय मी मारलेत. कष्ट मी घेतलेत. देवमाता काय बॅग तपासते?"

"मग तुम्ही इथे कशाला आलात? बॅगच आली असती की दर्शनाला."

रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून ऐकायला लागली. भाऊजींनी आवाज खाली आणला. "हे बघ, वर दुकान आहे. तिथे मेणबत्त्या मिळतात, हिच्यापेक्षा मोठ्या. तीच लावू. वाल्बुर्गाला सांगू, मेणबत्ती लावली. खोटं आहे का? लावलेलीच असेल."

"आणि तिने विचारलं की तिची लावली का?"

"तू इतकं खोलात कशाला जातेस? तिचं ऑपरेशन व्हायला हवं की नको?"

तिथेच त्यांनी मला कात्रीत धरलं. खरं सांगितलं तर ताई ऑपरेशनला जाणार नाही. खोटं सांगितलं तर देवमातेच्या दाराशी कबूल केलेलं खोटं मी जन्मभर जिभेवर बाळगणार. स्वतः नाही उचललं ते ओझं भाऊजींनी नेहमीसारखं दुसऱ्याच्या खांद्यावर दिलं, आणि वर आपला हात नुसता ठेवला.

ते सायकल ढकलत चढ चढले. धापा टाकत, प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेत, पण भक्तीने नव्हे. दुकानातून त्यांनी सोनेरी नक्षीची हातभर मेणबत्ती घेतली. आत जाऊन लावली. मी मागच्या बाकावर गुडघे टेकले आणि ताईच्या खुब्यासाठी प्रार्थना केली. भाऊजींसाठी करायला शब्द सुचले नाहीत, ते देवमातेने समजून घ्यावं.

डोळे उघडले तर भाऊजी मेणबत्तीशेजारी पोट आत घेऊन उभे. एका परक्या माणसाला त्यांनी फोटो काढायला लावलं होतं, आणि मी पोचेपर्यंत तो फोटो त्यांनी ताईला पाठवलाही होता.

"कुणाला पाठवलात?"

"वाल्बुर्गाला. खूश होईल."

ताईची मेणबत्ती ताईने स्वतः ओतलेली होती, पिवळ्या मेणाची, वर लाल मेणाचं बोटभर गुलाबाचं फूल. ते फूल करायला तिला दोन दुपारी लागल्या होत्या आणि हा माणूस तेव्हा समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते पाहिलंच नव्हतं. मला खोटं बोलायची गरजच उरली नाही. भाऊजींनी स्वतःच्या हाताने स्वतःला पकडून दिलं होतं, तेही हसऱ्या चेहऱ्याने.

भाऊजी मेल्कला आपल्या बॅगेकडे गेले. आमचे हे गाडी घेऊन मला आणि माझ्या सायकलीला न्यायला आले. मी वाटेत सगळं सांगितलं. ते गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाले, "पाण्यावर लक्ष ठेवायला कुणी नको का?"

ताई खुर्चीत बसली होती, फोन मांडीवर पालथा.

"सेन्झी, माझी मेणबत्ती कुठाय?"

"मेल्कला. बॅगेत. ताई, ती गाडीने गेली."

"सगळी वाट?"

"सगळी वाट."

तिने खुबा धरून पाय सरळ केला. "मग सोमवारी मी जाणार नाही. उद्या इस्पितळाला फोन कर."

मी विनवलं, रडले, फादरांचं नाव घेतलं.  शेवटी मी म्हटलं, "ताई, निदान उद्यापर्यंत थांब. त्यांना येऊ दे. आज गुरुवार आहे."

 तिने बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली. शुक्रवार, शनिवार, रविवार. "पासाऊचं सोंग त्याचं होतं," ती हळूच म्हणाली. "नवस तर एका दिवसाचाच आहे. फोन लाव त्याला."

फोनवर ती एकच वाक्य बोलली. "एंगेलबर्ट, उद्या पहिल्या गाडीने घरी ये, आणि बॅग स्वतः उचलून आण."

व्हिएन्नापर्यंतचे पैसे भरलेत, असं काहीतरी पलीकडून ऐकू आलं. ताईने फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी मी उरलेले प्लम ताईकडेच नेले. निम्मे मऊ पडले होते, मुरंब्याला तसेच चालतात. आम्ही दोघी घमेलं मधे ठेवून बसलो होतो, तेव्हा भाऊजी आले. पाय फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत, एका हाताने सायकल ढकलत आणि दुसऱ्याने बॅग ओढत. हॉटेलातल्या गाद्या कशा कडक, आगगाडी कशी उशिरा, सगळं सांगून झालं. ताई म्हणाली, "काढ."

मेणबत्ती मोज्यांमधून निघाली. बंद गाडीतल्या उन्हाने ती धनुष्यासारखी वाकली होती. फुलाची एक पाकळी एका मोज्याला चिकटून राहिली होती.

ताईने मला कोमट पाणी आणायला सांगितलं. मेणबत्ती त्यात बुडवून ती दोन्ही तळव्यांनी हळूहळू सरळ करत राहिली. डोकं वर न करता म्हणाली, "उद्या पहाटे पुन्हा चर्चच्या दारातून निघायचं. सेन्झी बरोबर असेल. ही छातीला बांधायची. चढावर हातात."

"उद्या? वाल्बुर्गा, अगं माझं बूड बघ तरी! टेकवत नाहीये!"

"माझा खुबाही टेकवत नाही, एंगेलबर्ट. दोन वर्षं झाली."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लम उचलला आणि त्याची बी काढली.

"आणि नाही नेली तर?"

"तर सोमवारी मी इथेच बसलेली असेन. या खुर्चीत. तू रोज बघशील मला."

ताईने मेणबत्ती पाण्यात पुन्हा फिरवली. मग भाऊजींनी आपली ती काळी विजार बॅगेतून काढली, बुडाची उशी दाबून पाहिली आणि सुस्कारा टाकून धुवायला टाकली. धुवायच्या टोपलीत, अर्थात. स्वतः नव्हे.

"औषधांचं दुकान किती वाजता बंद होतं?" त्यांनी विचारलं.

"सहाला," ताई म्हणाली. "चालत जा."

आता ते बुडाला लावायचं मलम आणायला गेले आहेत.